पट्टा कमरेला, खुर्च्या रिकाम्या

२६ जुलै १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये जगज्जेता जीन टनी न्यूझीलंडच्या टॉम हीनीशी लढला. हेवीवेट या सर्वांत वरच्या वजनगटात टनीच्या तोडीचा त्या वेळी कोणी उरला नव्हता. अख्ख्या अमेरिकेचा लाडका जॅक डेम्प्सी त्याच्याकडून दोनदा हरला होता. हीनीचाही निकाल टनीने अकराव्या फेरीत लावला. तरी स्टेडियम भरलं नाही, आणि त्या काळातला सर्वांत यशस्वी प्रमोटर, म्हणजे लढती भरवणारा, टेक्स रिकार्ड या लढतीत चांगलाच खड्ड्यात गेला. याच रिकार्डने २ जुलै १९२१ ला जर्सी सिटीत डेम्प्सी आणि फ्रान्सचा जॉर्ज कार्पेंतिए यांची लढत लावून तिकीटविक्रीत पहिल्यांदा दहा लाख डॉलरचा टप्पा ओलांडला होता. १९२६ मध्ये फिलाडेल्फियात डेम्प्सी-टनी ही पहिली लढत पाहायला सव्वा लाखाच्या आसपास लोक जमले होते. लोक आले होते ते डेम्प्सीसाठी, हे डेम्प्सी निवृत्त झाल्यावर उघड झालं.

‘एवढा गुणी बॉक्सर, मग याची तिकिटं का खपत नाहीत?’ हा प्रश्न म्हणजे आजच्या पिढीच्या कमी झालेल्या चिकाटीचा पुरावा, असं बरेचजण मानतात. मला ते पटत नाही. प्रश्न जवळजवळ शंभर वर्षं जुना आहे. मधल्या काळात बदललं ते इतकंच, की बॉक्सर आणि प्रेक्षक यांची ओळख करून देणारी जी व्यवस्था होती, ती या धंद्याने स्वतःच्या हाताने मोडत आणली.

आधी कौशल्याबद्दल. डेम्प्सी वाकून आत घुसायचा, दोन्ही हातांनी ठोसे मारायचा. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही काय चाललंय ते कळायचं. टनीचं बळ पायांत आणि अंतराच्या हिशेबात होतं. ठोसा हनुवटीजवळून वितभर अंतरावरून जाऊ द्यायचा आणि त्याच क्षणी सरळ डावा हात समोरच्याच्या तोंडावर ठेवायचा, ही या खेळातली सर्वांत अवघड गोष्ट. लांबून पाहणाऱ्याला मात्र तिथे काहीच घडलेलं दिसत नाही. फुटबॉलमध्ये गोलरक्षकाने झेप घेऊन अडवलेला चेंडू टाळ्या घेतो. बॉक्सिंगमध्ये चुकवलेला ठोसा फक्त हवेत गेलेला ठोसा असतो. बचावाची नजर सवयीने तयार होते आणि सवयीसाठी तोच माणूस पुन्हा पुन्हा पाहावा लागतो.

ही सवय लावण्याचं काम पूर्वी गल्लीबोळातल्या क्लबांनी केलं. १९२० च्या वॉकर कायद्याने न्यूयॉर्क राज्यात बॉक्सिंगला रीतसर परवानगी मिळाली आणि छोट्या क्लबांचे कार्यक्रम नियमित होऊ लागले. आयरिश, इटालियन, ज्यू वस्त्यांची आपापली पोरं होती. १९१७ ते १९२५ लाइटवेट या हलक्या वजनगटाचा विजेता असलेला बेनी लेनर्ड हा न्यूयॉर्कच्या ज्यू वस्तीतला, बुद्धीने खेळणारा बॉक्सर. त्याची नजाकत समजून घ्यायला त्याच्या लोकांना कोणी शिकवावं लागलं नाही, कारण ते त्याला पोरसवदा असल्यापासून बघत होते. शिवाय बॉक्सर सतत लढत. शुगर रे रॉबिन्सन कारकिर्दीत सुमारे २०० लढती लढला. जेक लामोटाशी तो १९४२ ते १९५१ दरम्यान सहा वेळा भिडला आणि त्यातली एक हरलाही. एका पराभवाने कोणी विटून जात नसे. पुढच्या महिन्यात तो पुन्हा रिंगमध्ये दिसणारच, ही खात्री होती.

मग टीव्ही आला. एनबीसी वाहिनीवर शुक्रवार रात्रीच्या जिलेट प्रायोजित लढती, सीबीएसवर बुधवारच्या लढती, आणि पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला तर आठवड्याच्या बहुतेक रात्री कुठली ना कुठली लढत घरबसल्या, फुकट. प्रायोजकाला तासाभरात बसणारा, प्रेक्षकाला खिळवणारा सामना हवा होता, म्हणून ठोसेबाज आणि देखणे चेहरे पुढे आले. मिशिगनचा कॉलेजात शिकलेला डावखुरा चक डेव्ही हा अशा टीव्हीच्या लाडक्यांपैकी एक. फेब्रुवारी १९५३ मध्ये त्याला विजेता किड गॅव्हिलानसमोर उभं केलं गेलं आणि खऱ्या उस्तादासमोर त्याचं काही चाललं नाही. टीव्हीने नाव वेगाने मोठं केलं, तितक्याच वेगाने ते विझलं.

खरं नुकसान त्याहून खोल होतं. घरी फुकट लढत दिसत असताना पैसे मोजून क्लबात कोण जाणार? छोटे क्लब धडाधड बंद पडले. न्यूयॉर्कची जुनी सेंट निकोलस अरीना १९६२ मध्ये बंद झाली. जिथे नवशिका बॉक्सर चार फेऱ्यांवरून सहा, सहावरून दहा फेऱ्यांवर जायचा आणि त्याच्याबरोबर त्याचे चाहतेही वाढायचे, ती शिडीच गेली. त्यात गुन्हेगारी टोळ्यांची सावली होती. बड्या लढती मुठीत ठेवणाऱ्या जेम्स नॉरिसच्या इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लबची मक्तेदारी मोडण्याचा आदेश अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये कायम केला. मार्च १९६२ मध्ये एमिल ग्रिफिथच्या ठोशांनी कोसळलेला बेनी पॅरेट दहा दिवसांनी वारला, आणि ती लढत लोकांनी आपल्या दिवाणखान्यात बसून पाहिली होती. साप्ताहिक प्रक्षेपण १९६४ मध्ये थांबलं. टीव्हीने आधी क्लब संपवले आणि मग तो स्वतःच निघून गेला.

सत्तरच्या दशकात फुकट टीव्हीने एकदा भरपाई केली. १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने बॉक्सिंगची पाच सुवर्णपदकं जिंकली. शुगर रे लेनर्ड घराघरांत पोचला आणि फेब्रुवारी १९७७ मध्ये त्याची पहिलीच व्यावसायिक लढत सीबीएसने दाखवली. अशी ओळख घेऊन व्यवसायात उतरण्याचं भाग्य नंतर फार थोड्यांच्या वाट्याला आलं. चांगल्या लढती एचबीओसारख्या सशुल्क वाहिनीकडे आणि १९९१ नंतर मोठ्या प्रमाणावर पे-पर-व्ह्यूकडे, म्हणजे एकेका लढतीचे वेगळे पैसे मोजून बघण्याकडे, सरकल्या. धंद्याच्या दृष्टीने हिशेब बिनचूक होता: २ मे २०१५ च्या मेवेदर-पॅकियाओ लढतीचं प्रक्षेपण ४६ लाख घरांनी विकत घेतलं. पण पे-पर-व्ह्यूवर लढत बघतो तो आधीपासूनचा चाहता. सहज चॅनल बदलताना कुणी नव्याने चाहता होण्याची शक्यता तिथे नसतेच.

विजेतेपदाच्या पट्ट्यांचा गोंधळ याच काळातला. एके काळी आठ वजनगट आणि बहुधा प्रत्येकी एक विजेता. आता वजनगट किमान १७, आणि डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ या चार संघटना प्रत्येकाचा वेगळा विजेता ठरवतात; वर ‘सुपर’, ‘हंगामी’ वगैरे उपपट्टे आहेतच. आयबीएफ १९८३ ची, डब्ल्यूबीओ १९८८ ची. ‘जगज्जेता’ हा शब्द एवढा स्वस्त झाला की सामान्य माणसाला तो ऐकून काही वाटेनासं झालं.

आणि अपराजित राहण्याचा सोस. एक पराभव झाला की वाहिनीकडून मिळणारा भाव पडतो, म्हणून प्रमोटर आपल्या बॉक्सरला जपून, कमी आणि सोप्या लढती देतो. गॅरी रसेल ज्युनिअरचं उदाहरण घ्या. हातांचा वेग असा की समोरच्याला ठोसा लागल्यावर कळावं. मार्च २०१५ मध्ये डब्ल्यूबीसीचा फेदरवेट पट्टा जिंकल्यापासून जानेवारी २०२२ मध्ये तो गमावेपर्यंत तो जवळपास वर्षाला एक याच गतीने लढला. वर्षातून एकदा दिसणाऱ्या माणसावर कोणी जीव कसा लावणार?

या सगळ्याचा सर्वांत कडवट अनुभव मला वाटतं गिएर्मो रिगोंडोने घेतला. क्यूबाचा हा डावखुरा २००० आणि २००४ चा ऑलिंपिक विजेता. क्यूबात साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून व्यावसायिक बॉक्सिंगवर बंदी होती, म्हणून देश सोडावा लागला. म्हणजे तिकीट काढून येणारं घरचं गाव पहिल्याच दिवशी सुटलं. १३ एप्रिल २०१३ ला न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये तो नोनितो डोनेअरसमोर उभा राहिला. डोनेअर आदल्या वर्षीचा सर्वोत्तम बॉक्सर म्हणून गौरवला गेला होता. रिगोंडोने त्याला बारा फेऱ्या चक्क शिकवणी दिली. दहाव्या फेरीत एकदा ठोसा लागून स्वतः खाली बसला, उठला, आणि पुन्हा अंतर राखून डोनेअरच्या डोळ्यावर डावा हात ठेवत राहिला. तिन्ही पंचांनी त्याला विजयी दिलं. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्या वर्षीच्या डिसेंबरात अटलांटिक सिटीत जोसेफ अगबेकोलाही त्याने तसंच निष्प्रभ केलं, आणि एचबीओने पाठ फिरवली. त्याच्या प्रमोटरनेही त्याला विकणं किती कठीण आहे हे जाहीरपणे सांगितलं. पुढच्या वर्षी तो मकाव आणि ओसाका इथे, परक्या प्रेक्षकांपुढे लढत होता. आपल्या वजनगटातला तो नंबर एकचा माणूस होता, यात शंका नाही.

याउलट आर्तुरो गट्टी. गुण मर्यादित, बचाव भोकाभोकांचा, पण मिकी वॉर्डशी २००२-०३ मध्ये झालेल्या तीन लढतींनंतर अटलांटिक सिटीचा बोर्डवॉक हॉल त्याच्या नावावर भरत असे. २५ जून २००५ ला तिथेच फ्लॉइड मेवेदरने त्याची सहा फेऱ्यांत दुर्दशा केली. गर्दी गट्टीची होती, कौशल्य मेवेदरचं. मेवेदरने त्यातून धडा घेतला. २००६ मध्ये साडेसात लाख डॉलर मोजून तो आपल्या प्रमोटरच्या करारातून मोकळा झाला, टोपणनाव बदलून ‘प्रिटी बॉय’चा ‘मनी’ झाला, आणि तो हरताना बघायला मिळेल या आशेनेही लोक पैसे देतात हे त्याने ओळखलं. मे २००७ मध्ये ऑस्कर डे ला होयाविरुद्धच्या लढतीने २४ लाख पे-पर-व्ह्यू विकले. बचावात्मक बॉक्सरने गल्ला भरण्याचा तो मार्ग होता, पण त्यासाठी रात्रंदिवस खलनायक म्हणून जगावं लागतं. सगळ्यांना ते जमावं ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

खालच्या पायरीवर काय चालतं ते ब्रिटनच्या छोट्या हॉलांत दिसतं. लंडनच्या बेथनल ग्रीनमधला यॉर्क हॉल हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध ठिकाण. घरच्या कोपऱ्यातल्या नवोदिताला प्रमोटर तिकिटांचा गठ्ठा देतो. ती त्याने मित्र, नातेवाईक, कामावरचे सहकारी, जिममधली मंडळी यांना विकायची. त्या पैशांतून आधी समोरच्या बॉक्सरचं मानधन आणि कार्यक्रमाचा वाटा निघतो. उरलं तर याचं. समोरचा बहुधा ‘जर्नीमन’ असतो, म्हणजे ठरलेल्या पैशांत कुठेही, कोणाशीही लढणारा अनुभवी माणूस. बर्मिंगहॅमचा पीटर बकली असा ३०० लढती लढला आणि त्यातल्या २५६ हरला. त्याच्याकडून तिकीट विकण्याची अपेक्षा कधीच नव्हती. नवोदिताने मात्र लढतीच्या आधीच्या आठवड्यात वजन उतरवत, उपाशीपोटी, संध्याकाळी घरोघरी तिकिटं पोचवायची. ती खपली नाहीत तर लढतच रद्द होते. म्हणजे पुढे कोण जाणार हे पुष्कळदा पहिल्या दहा लढतींतच ठरतं, आणि ते ठरतं मित्रपरिवाराच्या आकारावरून. मोठं कुटुंब किंवा फुटबॉल क्लबची दोस्ती असलेला सामान्य बॉक्सर टिकतो. दुसऱ्या देशातून आलेला, एकटा, अबोल पण असामान्य बॉक्सर जर्नीमनच्या कोपऱ्यात ढकलला जातो. ही पद्धत मला क्रूर वाटते, आणि प्रमोटरचं काम बॉक्सरच्या गळ्यात घालणारी वाटते.

ज्यांचं जमलं त्यांच्याकडे पाहिलं तर पायाखाली एक ठरलेली जागा दिसते. बॅरी मॅकगिगन आयर्लंडमधल्या, सीमेवरच्या क्लोन्स गावचा. उत्तर आयर्लंडमधल्या रक्तपाताच्या काळात तो कुठल्याही बाजूचा झेंडा न घेता शांततेच्या निशाणाखाली लढला. बेलफास्टच्या किंग्ज हॉलमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, दोन्ही समाजांचे लोक शेजारी बसले आणि ८ जून १९८५ ला युसेबिओ पेद्रोसाला हरवताना ते लंडनपर्यंत त्याच्यामागे आले. रिकी हॅटन मँचेस्टरमध्ये पुन्हा पुन्हा लढत राहिला, म्हणून २००७ मध्ये मेवेदरशी लढायला तो लास वेगासला गेला तेव्हा हजारो माणसं गाणी म्हणत मागे गेली. युक्रेनच्या व्लादिमिर क्लिच्कोला फेब्रुवारी २००८ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या प्रेक्षकांनी कंटाळून हुर्यो केली, पण जर्मनीत तोच माणूस फुटबॉलची स्टेडियमं भरत होता. आणि नाओया इनोउए? लहान वजनगट विकले जात नाहीत असं म्हणणाऱ्यांनी ६ मे २०२४ चा टोकियो डोम आठवावा. चाळीस हजारांहून जास्त लोक एका सुपर बँटमवेटसाठी आले होते.

टेरेन्स क्रॉफर्डच्या बाबतीत दोन्ही बाजू एकाच माणसात दिसतात. जून २०१४ मध्ये युरिओर्किस गॅम्बोआविरुद्ध त्याच्या, अमेरिकेतल्या ओमाहा गावात दहा हजारांहून जास्त लोक जमले. त्या शहरात १९७२ नंतरची ती पहिली विश्वविजेतेपदाची लढत होती. ओमाहाबाहेर मात्र त्याचं पे-पर-व्ह्यू कितीतरी वर्षं उठलं नाही. एरॉल स्पेन्सशी ज्या लढतीची मागणी वर्षानुवर्षं होती, ती वाहिन्या आणि प्रमोटरांच्या भांडणात जुलै २०२३ पर्यंत अडकली. सप्टेंबर २०२५ मध्ये लास वेगासमध्ये सत्तर हजार लोकांसमोर त्याने मेक्सिकोच्या लाडक्या कॅनेलो अल्वारेझला हरवलं तेव्हा तो ३७ वर्षांचा होता, आणि गर्दी मुख्यतः कॅनेलोची होती.

ती लढत सौदी अरेबियाच्या पैशाने उभी राहिली आणि नेटफ्लिक्सच्या वर्गणीदारांना वेगळे पैसे न मोजता दिसली. २०२३ पासून रियाध सीझन या सौदी महोत्सवाने बड्या लढती जुळवून दिल्या, बॉक्सरांना भरघोस मानधन दिलं, हे चांगलंच झालं. फुकट टीव्ही गेल्यानंतर जे दार बंद झालं होतं, ते स्ट्रीमिंगमुळे थोडं उघडेल अशी मला आशा वाटते. पण यजमानाच्या पैशावर कार्यक्रम चालतो तेव्हा खुर्च्या भरण्याची निकड राहत नाही, आणि बॉक्सर आपल्या गावापासून आणखी लांब जातो. सहा फेऱ्या लढणाऱ्या नवोदितापर्यंत तर त्यातलं काहीच पोचत नाही. त्याला आजही प्रमोटर आधी एकच गोष्ट विचारतो: तिकिटं किती जातील?