दहावीचा निकाल आणि शाळेची गुणवत्ता

निकाल लागला की तालुक्याच्या गावात एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागतात. ‘१०० टक्के निकालाची परंपरा कायम’, खाली मुलांचे फोटो. पालक तेवढं वाचून शाळा ठरवतात, आणि तिथेच दोन वेगळ्या गोष्टी एक होऊन बसतात.

निकाल हा साधा भागाकार आहे. जेवढी मुलं परीक्षेला बसली, त्यातली किती पास झाली, एवढंच तो सांगतो. ३५ टक्क्यांवर सुटलेला आणि ९५ टक्के मिळवलेला, दोघं त्यात सारखेच. शिवाय किती मुलं बसवायची हे बऱ्याच अंशी शाळेच्या हातात असतं. समजा नववीच्या पटावर ६० मुलं आहेत. दहा नववीतच ठेवली, पाच जणांना बाहेरून १७ नंबरचा फॉर्म भरायला सांगितला, पाच ऊसतोडीला गेली ती आलीच नाहीत. दहावीला बसली ४०, पास झाली ४०. फ्लेक्सवर १०० टक्के! ती वीस मुलं कुठल्याच आकड्यात नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

राज्याचा निकालसुद्धा असाच हलतो. २०१८ला तो ८९.४१ टक्के होता, २०१९ला ७७.१० आणि २०२०ला थेट ९५.३०. एका वर्षात राज्यातली मुलं ढ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार, असं काही घडलं नव्हतं. २०१९ला अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा विषयांचे शाळेकडून मिळणारे २० अंतर्गत गुण बंद केले होते. पुढच्या वर्षी ते परत आले. २०२०ला तर लॉकडाऊनमुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, त्याचे गुण सरासरीने दिले.

गुणवत्ता बघायची तर मूल शाळेत आलं तेव्हा कुठे होतं, हे आधी बघावं लागतं. आठवीत अडखळत वाचणाऱ्या पोराला ५५ टक्क्यांपर्यंत नेणारी शाळा, निवडून घेतलेल्या मुलांना ९० पाडून देणाऱ्या शाळेपेक्षा मला मोठी वाटते. गणित-विज्ञानाची पदं भरलेली आहेत का, प्रयोगशाळेचं कुलूप उघडतं का, हेही बघावं. नववीतल्या कुठल्याही मुलाला पुस्तक मधूनच उघडून एक परिच्छेद वाचायला सांगावा. दोन मिनिटांत बरंच कळतं.

भाचीसाठी शाळा बघताना मी दोन शाळांत एकच प्रश्न विचारला: गेल्या वर्षी नववीत किती होते आणि त्यातले दहावीला किती बसले? १०० टक्केवाल्या शाळेत ‘ऑफिसात विचारा’ म्हणाले. दुसरीचा निकाल ८८. तिथल्या मुख्याध्यापक बाईंनी रजिस्टर उघडलं आणि एकेका नावावर बोट ठेवत सांगू लागल्या. हा बापासोबत कारखान्यावर गेला होता, डिसेंबरात परत आणला. ही गणितात राहिली, पुरवणीला बसवतोय, रोज चारनंतर तिचा तास घेते. भाचीचं नाव आम्ही तिथे घातलं.