टायमिंग पुढं केलं की पिकअप वाढतं?

परवा वाडीला एका गॅरेजात जुन्या डिझेल जीपचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, बसत होतं. त्याखालचं गळती रोखणारं गॅस्केट नवं, बोल्ट टॉर्क रेंचनं आवळलेले. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, टायमिंग थोडं पुढं करून देतो, पिकअप वाढते." म्हणजे डिझेलचा फवारा जरा आधी सोडायचा. हे मी नागपुरात इतक्यांदा ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसलो.

हेड उतरवलं की व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचं टायमिंग जातंच, असंही नाही. कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, खाली ब्लॉकमध्ये असेल, तर टायमिंगच्या गिअरांना कुणी हातच लावलेला नसतो. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट केले की भागतं. कॅम हेडमध्येच असेल तर मात्र बेल्ट किंवा चेन सोडवावीच लागते. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या, चाकाला २० दात असतील, तर एक दात चुकला की क्रँकचे १८ अंश गेले.

आता माझ्या आवडीचा भाग. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा अठरा-वीस पट दाबली की तीच पाचशे अंशांवर तापते आणि नोझल तिच्यात फवारा सोडतं. पण डिझेल लगेच पेटत नाही. थेंबांची वाफ होणार, ती हवेत मिसळणार, मग ज्वलनाच्या रासायनिक क्रिया जोर धरणार. समजा, यात एक मिलिसेकंद गेला. १५०० आरपीएमला क्रँक सेकंदाला ९००० अंश फिरतो, म्हणजे तेवढ्यात ९ अंश पुढं गेला. म्हणून पिस्टन टीडीसीला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला, पोचायच्या आधीच फवारा सुरू करतात.

नोझलला डिझेल पुरवणारा पंप तोवर थांबलेला नसतो. साचलेलं डिझेल एकदम भडकतं, तीच ती खडखड. जानेवारीत सकाळी गाडी जास्त खडखडते, कारण हवा गार, पेट घ्यायला उशीर, साठा मोठा. इंजिन तापलं की आवाज उतरतो.

टायमिंग गरजेपेक्षा पुढं घेतलं की हेच वाढतं. फवारा येतो तेव्हा हवा पुरती दाबलेली नसते, तापलेलीही नसते. भडका उडतो तेव्हा पिस्टन अजून वरच येत असतो. पिकअप म्हणून जो दणका जाणवतो, तो बेअरिंगला आणि कालच्या नव्या गॅस्केटला बसतो. बंपरला लिंबू-मिरची टांगलेली होती. ती गॅस्केटपर्यंत पोचत नाही.

टायमिंग जुळवताना क्रँकच्या टोकाच्या जड चाकाची, फ्लायव्हीलची, खूण जुळली, एवढ्यावर विसंबू नये. चार स्ट्रोकमध्ये क्रँक दोनदा फिरतो, त्यामुळे पहिला पिस्टन वर येतोही दोनदा: एकदा हवा दाबताना (कॉम्प्रेशन), एकदा धूर बाहेर ढकलताना. चार सिलिंडरच्या इंजिनात चौथ्याचे व्हॉल्व्ह बघायचे: एक मिटतोय, दुसरा उघडतोय, तर पहिला कॉम्प्रेशनला आहे.

सगळं जुळवल्यावर मिस्त्रीनं स्टार्टर मारला नाही. पाना लावून क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवला. मध्येच अडला तर जोर लावायचा नसतो. तिथं पिस्टनला व्हॉल्व्ह टेकलेला असतो.