अंगठा गेला तर ३० टक्के, नोकरी गेली तर? दिव्यांग कामगारांच्या कायद्यामागचा इतिहास

माझ्या मामाचा उजव्या हाताचा अंगठा पॉवर प्रेसखाली गेला तेव्हा मी शाळेत होते. कारखाना छोटा, ११ माणसांचा. मालकाने भरपाई दिली, नियमाप्रमाणे दिली, आणि दोन महिन्यांनी सांगितलं की आता तुझ्याजोगं काम आमच्याकडे नाही. घरात कुणालाच यात काही चुकलंय असं वाटलं नाही, भरपाई मिळाली ना मग अजून काय पाहिजे, असंच सगळे म्हणाले, मामासुद्धा. पुढे कायदा वाचायला लागले तेव्हा कळलं की हे नुसतं आमच्या घरातलं मत नव्हतं, देशाचा कायदाच कितीतरी वर्षं असाच विचार करत होता.

सुरुवात १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून करावी लागते. त्याच्या शेवटी एक तक्ता होता, अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरायचं, एका हाताची चारही बोटं गेली तर ५० टक्के, असं एकेक अवयव करत. त्या काळात गिरणीत नाहीतर गोदीत हात गमावलेल्या माणसाला मालकाकडून काहीतरी मिळायची सोय झाली, ही मोठीच गोष्ट होती, ते नाकारत नाही मी. पण अंगठ्याचा हिशोब लावणारा कायदा त्या माणसाच्या नोकरीबद्दल मात्र एक अक्षर बोलत नव्हता. त्यानंतरच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तर कामगार कपातीची व्याख्याच अशी केली की सततच्या आजारपणामुळे काढलं तर ती 'कपात' धरायचीच नाही, म्हणजे कपातीला लागणारी नोटीस आणि भरपाई त्याला लागू नाही. यात दुष्टपणा होता असं मला वाटत नाही, शरीर चालत नाही तर काम संपलं हे सगळ्यांनाच इतकं उघड वाटायचं की कुणी प्रश्नच विचारला नाही.

राज्यघटनेत तरी काही असेल म्हणून बघितलं तर कलम १५ आणि १६ मध्ये धर्म, जात, लिंग, जन्मस्थान आहे, अपंगत्व नाही. ते येतं कलम ४१ मध्ये, काम, शिक्षण आणि सरकारी मदतीच्या संदर्भात, तेही राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. ते मार्गदर्शक तत्त्व, त्याच्या जोरावर थेट कोर्टात जाऊन नोकरी मागता येत नाही.

१९७७ मध्ये केंद्र सरकारने पहिल्यांदा आपल्या नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखीव ठेवल्या, दृष्टिहीन, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग प्रत्येकी १ टक्का. पण फक्त क आणि ड, म्हणजे खालच्या पदांच्या गटात. म्हणजे दृष्टिहीन माणसाने ऑफिसातल्या खुर्च्या विणाव्यात नाहीतर टेलिफोनवर बसावं, अधिकारी व्हायचा विचार करू नये, असं न लिहिता लिहिलेलं. आणि हा नुसता सरकारी आदेश होता, कायदा नव्हता.

कायदा यायला १९९५ उजाडलं. १९९२ ला बीजिंगमध्ये आशिया-पॅसिफिक देशांनी १९९३ ते २००२ हे अपंग व्यक्तींचं दशक ठरवलं, भारताने त्यात सामील होऊन शब्द दिला होता, पण विधेयक काही पुढे सरकेना. जावेद आबिदी नावाचा व्हीलचेअर वापरणारा कार्यकर्ता आणि त्यांच्याबरोबरचे लोक डिसेंबर १९९५ मध्ये दिल्लीच्या थंडीत रस्त्यावर उतरले आणि त्याच अधिवेशनात विधेयक मंजूर झालं. ७ फेब्रुवारी १९९६ पासून कायदा लागू. सात प्रकारची अपंगत्वं, किमान ४० टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट, आणि ३ टक्के आरक्षण आता कायद्यानेच.

माझ्या मते त्या कायद्याचा खरा जीव होता कलम ४७ मध्ये. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढायचं नाही, खालच्या पदावर ढकलायचं नाही, आहे ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्यायचं, दुसरं पद नसेल तर जास्तीचं पद तयार करून त्यावर ठेवायचं. २००३ मध्ये कुणाल सिंग केस सुप्रीम कोर्टात गेली, ड्युटीवर पायाला इजा होऊन पाय गमावलेला एक कॉन्स्टेबल, त्याला मेडिकल बोर्डाने अनफिट ठरवून घरी पाठवलेलं. सरकारचं म्हणणं, पेन्शन देतोय की. कोर्टाने सांगितलं पेन्शन म्हणजे नोकरी नव्हे, त्याला नोकरीत घ्या. हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मामा आठवला, आणि लगेच पुढचं लक्षात आलं की मामाला याचा काहीच उपयोग झाला नसता, कारण त्या कायद्यातल्या 'आस्थापना' या शब्दात खाजगी कारखाना येतच नव्हता.

आरक्षणाचंही सरळ झालं नाही. कुठलं पद कुणाला जमेल याची यादी आधी करायची होती आणि खाती म्हणायची यादी झाली नाही, म्हणून जागा नाही. यादी झाली तरी ३ टक्के फक्त यादीतल्या पदांवरच मोजायचे. दृष्टिहीनांच्या राष्ट्रीय संघटनेने, नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडने, याविरुद्ध लढा दिला आणि ८ ऑक्टोबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की टक्केवारी एकूण रिक्त जागांवर काढायची. कायदा होऊन १८ वर्षं झाली होती, तोवर कितीजणांची नोकरीची वयं उलटून गेली असतील.

मधल्या काळात विचाराची दिशा बदलत होती ती बाहेरून आलेल्या एका शब्दामुळे. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार डिसेंबर २००६ चा, भारताने १ ऑक्टोबर २००७ ला तो स्वीकारला, आणि त्यात होतं रीझनेबल अकॉमोडेशन, म्हणजे त्या माणसाला काम करता यावं म्हणून वाजवी फेरबदल करून देणं. कॉम्प्युटरवर पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, मीटिंगला सांकेतिक भाषेचा दुभाषी, डायलिसिसच्या दिवशी शिफ्ट बदलून, टेबल तळमजल्यावर. हे दिलं नाही तर तोच भेदभाव. आपल्या मुंबई हायकोर्टाने २००९ मध्येच हे उचललं होतं, किडनी ट्रान्सप्लांट झालेल्या एका उमेदवाराला बँकेने निवड होऊनही मेडिकलवर नाकारलं, तेव्हा कोर्टाने या कराराचा आधार घेऊन बँकेवर सामावून घ्यायची जबाबदारी आहे असं सांगितलं. तोवर भारताच्या कायद्यात हा शब्द नव्हताच.

तो आला २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सातची २१ अपंगत्वं झाली, त्यात ॲसिड हल्ल्यातल्या व्यक्ती आल्या, थॅलेसेमिया आला, आणि सिकल सेल हा आदिवासी भागात जास्त आढळणारा रक्ताचा आजार आला, ज्याचं महत्त्व गडचिरोली-नंदुरबारच्या लोकांना वेगळं सांगायला नको. आरक्षण ४ टक्के. आणि मुख्य म्हणजे भेदभाव म्हणजे काय याची व्याख्या, आधीच्या कायद्यात शब्द होता पण अर्थ दिलेलाच नव्हता. मात्र कलम ३ मध्येच एक पळवाटही ठेवली, योग्य उद्देशासाठी प्रमाणात केलेली गोष्ट असेल तर तो भेदभाव धरायचा नाही, आणि यावर दिव्यांग संघटनांचा राग आजही आहे, माझाही आहे.

त्यानंतर कोर्टाने हा कायदा बराच खोल नेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये, लिहिताना हात आखडणाऱ्या एका यूपीएससी उमेदवाराच्या केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की लेखनिक मिळायला ४० टक्क्यांचं सर्टिफिकेट असलंच पाहिजे असं नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सीआरपीएफमधल्या एका अधिकाऱ्याची केस, ओसीडी (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा मानसिक आजार) आणि डिप्रेशन असताना झालेल्या वागण्यावरून खात्याची शिस्तभंगाची कारवाई, तीसुद्धा अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकते असं कोर्टाने मांडलं. ज्या ऑफिसात मानसिक आजार अजून कुजबुजत बोलला जातो तिथे हे किती मोठं आहे बघा. मार्च २०२५ मध्ये तर मध्य प्रदेशचा दृष्टिहीनांना न्यायाधीश होण्यापासून अडवणारा नियमच रद्द झाला. खुर्च्या विणण्यापासून न्यायाधीशाच्या खुर्चीपर्यंत यायला ४८ वर्षं लागली.

राहिलं खाजगी क्षेत्र, जिथे बहुतेकजण काम करतात. २०१६ च्या कायद्याने खाजगी कंपनीलाही समान संधी धोरण करायला लावलं, ते दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायचं, आणि २० किंवा जास्त माणसं असतील तर कुठली पदं, काय सोयी, हे सगळं बघणारा लायझन ऑफिसर कोण, हे सगळं त्यात लिहायचं. धोरण केलंच नाही तर पहिल्या वेळेला दंड १०,००० रुपयांपर्यंत. पण जुन्या कलम ४७ ची ती हमी, अपंगत्व आलं म्हणून नोकरी जाणार नाही, ती नव्या कायद्यात कलम २० मध्ये आली आणि तिथे शब्द आहेत 'सरकारी आस्थापना'. मामाच्या कारखान्यात ११ माणसं होती. आज तिथे कुणाचा अंगठा गेला तर १९२३ च्या कायद्याची जागा २०२५ मध्ये घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या तक्त्यात अजूनही ३० टक्केच आहेत, आणि त्याला परत कामावर घ्याच असं मालकाला सांगणारं कलम अजूनही नाही.