सालमोरेहो म्हणजे घट्ट गास्पाचो नव्हे

स्पेनमधल्या कोर्दोबा शहराची मेस्किता पाहून दुपारी बाहेर पडलं, तरी लाल-पांढऱ्या कमानी बराच वेळ डोळ्यांसमोरून हलत नाहीत. साडेआठशेच्या आसपास खांब, त्यांवर एकावर एक अशा दुहेरी कमानी. 785 च्या सुमारास इथला अमीर पहिल्या अब्द अल-रहमानने बांधायला घेतलेली ही मशीद, आणि सोळाव्या शतकात तिच्या पोटातच उभं केलेलं कॅथेड्रल. बाहेरच्या अंगणाचं नाव ‘पातिओ दे लोस नारांहोस’, म्हणजे नारिंगाच्या झाडांचं अंगण. (तो ‘नारांहो’ आणि आपलं नारिंग एकाच मुळाचे. संस्कृतातला नारंग फारसी-अरबीतून फिरत फिरत स्पेनला पोचला.)

मग भूक लागते. शेजारच्या हुदेरियात, म्हणजे जुन्या ज्यू वस्तीच्या पांढऱ्याशुभ्र गल्ल्यांत शिरलं की प्रत्येक मेनूवर दोन नावं दिसतात: गास्पाचो आणि सालमोरेहो. दोन्ही थंड, दोन्ही कच्च्या टोमॅटोचे, दोन्हींत लसूण आणि ऑलिव्ह तेल. “एकच हो, हा जरा घट्ट,” असं कुणीतरी सांगतं आणि आपण मान डोलावतो. ताक आणि चक्का एकाच दह्याचे, म्हणून चक्क्याला कुणी ‘घट्ट ताक’ म्हणेल का? इथेही तसंच आहे.

गास्पाचो तहानेसाठी. त्यात टोमॅटोबरोबर काकडी असते, हिरवी ढोबळी मिरची असते, व्हिनेगर असतं आणि पाणी असतं. कुणी थोडा पावही घालतं, पण त्याच्यावाचून अडत नाही. अंदालुसियात, म्हणजे कोर्दोबा ज्यात आहे त्या दक्षिण स्पेनच्या प्रांतात, उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. तेव्हा गास्पाचो सरळ ग्लासात ओतून पितात. जिभेवर आधी आंबटपणा येतो, मग काकडीचा गारवा.

सालमोरेहो भुकेसाठी. त्यात काकडी नाही, मिरची नाही, पाण्याचा थेंब नाही. टोमॅटो, पाव, तेल, लसूण, मीठ, बस. कोर्दोबात या पदार्थाला वाहिलेली एक मंडळी आहे आणि तिने प्रमाणही ठरवून दिलं आहे: 1 किलो टोमॅटो, 200 ग्रॅम पाव, 100 ग्रॅम ऑलिव्ह तेल, लसणाची एक पाकळी, 10 ग्रॅम मीठ. पाव कुठलाही नव्हे, तिथला ‘तेलेरा’, घट्ट पांढऱ्या गराचा. खरं काम तोच करतो. टोमॅटोच्या रसात तो फुगतो, आणि वरून बारीक धारेने सोडलेलं तेल घुसळताना सूक्ष्म थेंबांत फुटून त्या पावात अडकून बसतं. म्हणून सालमोरेहो लाल दिसत नाही, फिकट केशरी दिसतो. वाडगा समोर आला की आधी रंग पाहावा. लालभडक आणि पातळ असेल, तर नाव काहीही लिहिलेलं असो, तो गास्पाचोच.

मला यात सगळ्यात जवळचा वाटतो तो शिळा पाव. उरलेली भाकरी दुधात किंवा ताकात कुस्करून खाणारी आपली माणसं हे चटकन ओळखतील. शेतावर कष्ट करणाऱ्याला शिळ्या पावावर, तेलावर आणि लसणावर पोट भरायचं होतं, टोमॅटो त्यात फार उशिरा आला. त्याआधीचं पांढरं रूप कोर्दोबात अजून मिळतं. त्याला ‘मासामोर्रा’ म्हणतात: पाव, बदाम, लसूण, तेल. मेनूवर दिसला तर सोडू नका.

टोमॅटो आला तो अमेरिकेतून, आणि त्या गोष्टीचा एक धागा याच शहरात आहे. मेस्कितेपासून चालत काही मिनिटांवर अल्काझार, म्हणजे किल्लेवजा राजवाडा आहे. 1486 मध्ये कोलंबस आपली समुद्रसफरीची योजना घेऊन इसाबेल राणी आणि फर्नांदो राजाला भेटला, तो इथेच. आज बागेत त्या तिघांचे पुतळे उभे आहेत. पुढे त्याच वाटेने नव्या जगातली पिकं युरोपात आली आणि पांढऱ्या वाडग्याला रंग चढला. गोव्यात पोर्तुगीजांबरोबर आलेली मिरचीही त्याच उलथापालथीतली.

शाकाहारी मंडळींनी मात्र इथे जपून राहावं. गास्पाचोवर फार तर भाज्यांचे बारीक तुकडे पडतात. सालमोरेहोवर न विचारता उकडलेलं अंडं आणि हामोन, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तुकडे पेरतात. खालचा मूळ पदार्थ पूर्ण शाकाहारी असतो, म्हणून मागवतानाच “सिन हामोन, सिन वेवो” म्हणायचं: मांस नको, अंडं नको. आणखी एक: कनारी बेटांवर ‘सालमोरेहो’ म्हणजे सशाचं मांस मुरवायचा मसाला. तिथे याच नावाने भलतंच काही समोर येईल.

सोबत तळलेल्या वांग्याच्या कापांची ‘बेरेन्हेनास’ मागवा. ती मधाबरोबर देतात, पण सालमोरेहोत बुडवूनही सुरेख लागतात. जेवायला दोनच्या आत बसायची घाई करू नका, तिथली दुपारच त्यानंतर सुरू होते.

घरी करायचा असेल तर आपला लादीपाव नको, तो गोड आणि हलका असतो. ब्रून पावाचं कवच काढून आतला गर घ्या. टोमॅटो चांगले पिकलेले हवेत. ते मिक्सरमधून काढून गाळून घ्या, म्हणजे साल आणि बिया राहणार नाहीत. त्या रसात पाव दहा मिनिटं बुडू द्या. लसूण, मीठ घालून फिरवा आणि मिक्सर चालू ठेवूनच तेलाची धार सोडा. पाणी घालायचा मोह होईल, घालू नका. दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, मग वाडग्यातून चमचा ओढून पाहा. मागे रेघ राहिली, तर जमला.