मध्ये पडणे

दुसऱ्यांच्या भांडणात आपणहून हात घालणे. याच कृतीला शिष्टाई, रदबदली, समेट असे भारदस्त शब्द आहेत आणि नसती उठाठेव, लष्कराच्या भाकऱ्या असे खोचकही. कोणता लागू करायचा हे बहुधा भांडण मिटले की चिघळले यावरून ठरते. पेच जुनाच आहे. गप्प बसावे तर दुबळ्याची जमीन किंवा जीव जातो. बोलावे तर अर्धवट माहितीवर निवाडा केल्याचा दोष येतो. महाभारतात कृष्णाची शिष्टाई फसली आणि बलराम युद्ध टाळून तीर्थयात्रेला गेला. बलरामाच्या वाटेने जाणारे गावोगाव भेटतात.

कोकण किनाऱ्यावर या पेचाला एक वेगळीच गाठ आहे: इथे तिऱ्हाईत माणूस सहसा सापडत नाही. वाडीतली बरीच घरे एका आडनावाची, सातबारा सामाईक, देवस्थान एक, विहिरीची वाटही एक. जांभ्या दगडाचा गडगा पावसात ढासळतो आणि पुन्हा रचताना वीतभर पलीकडे सरकतो. ते वाडीने पाहिलेले असते, पण मोजणीच्या दिवशी विचारले की दक्षिण कोकणात उत्तर येते, ‘आमका काय करूचा आसा?’ हा भेकडपणाच असतो असे नाही. साक्ष देणाऱ्याची स्वतःची वहिवाट त्याच माणसाच्या परड्यातून जात असते. मध्यस्थाने आधी कोणाच्या ओटीवर चहा घेतला, इथपासून त्याची बाजू मोजली जाते. जाणता माणूस म्हणून गडग्यापाशीच उभा राहतो, पाणीसुद्धा मागत नाही. गणपतीला आलेला चाकरमानी मात्र हिरिरीने निवाडा करतो. विसर्जन झाले की तो मुंबईची गाडी पकडतो, आणि त्याच्या निवाड्याचे निस्तरायचे गावात राहणाऱ्यांनी.

यावरची जुनी सोय म्हणजे देवाला कौल लावणे. गाऱ्हाणे घालून देवाच्या अंगावर तांदूळ किंवा कळ्या लावतात आणि उजवीकडचे आधी पडले की डावीकडचे, यावरून उत्तर वाचतात. निकाल देवाचा, त्यामुळे सांगणाऱ्याशी वैर नाही. पेच सुटत नाही, पण माणसाच्या डोक्यावरून उतरतो. गावकीचा निवाडा असा निरुपद्रवी नसतो. वाळीत टाकलेल्या घराशी बोलणाऱ्यालाही दंड झाल्याच्या तक्रारी रायगड जिल्ह्यातून येत राहिल्या. तिथे अलिप्त राहण्याची मुभाच उरत नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१७ पासून लागू आहे.

दोन्ही बाजू तुल्यबळ नसतील तर मध्यस्थी पुष्कळदा बळकटाच्या पथ्यावर पडते. अलिबागजवळच्या चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या वतनदार जमीनमालकांविरुद्ध, १९३३ ते १९३९ संप केला आणि जमिनी पडीक ठेवल्या. त्यांना ‘थोडे तुमचे, थोडे त्यांचे’ सांगणारा पंच उपयोगाचा नव्हता. बाबासाहेब आंबेडकर उघड कुळांच्या बाजूने उभे राहिले. १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले.

कायद्याचा कल मध्ये पडणाऱ्याला आधार देण्याकडे आहे. खासगी बचावाचा हक्क दुसऱ्याचे शरीर वाचवण्यासाठीही वापरता येतो (भारतीय न्याय संहिता, कलम ३५). कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यानुसार कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर जबाबदारी येत नाही. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तिच्या समितीत गावचीच माणसे, म्हणजे पुन्हा तेच भाऊबंद.

नवरा-बायकोच्या भांडणात ही समितीही सहसा उंबरठ्याबाहेर थांबते. तिथे एखादी शेजारीण पुढे होते. आरडाओरडा ऐकला की ती वाटी घेऊन येते, दारातूनच विरजण मागते आणि वाटी भरून मिळाली तरी ओटीवर बसून राहते. तिच्या घरी विरजण असतेच.