चरित्रनाटककार (नागपूर)

इतिहासात होऊन गेलेल्या माणसाला रंगमंचावर उभे करणे हेच ज्याच्या लेखनाचे मुख्य काम, तो चरित्रनाटककार. ऐतिहासिक नाटकात काळ आणि घटना पुढे असतात, चरित्रनाटकात माणूस पुढे असतो. लढाई विंगेत झाली तरी चालते, पण लढाईच्या आदल्या रात्री त्या माणसाच्या मनात काय चालले होते ते प्रेक्षकाला दिसावे लागते. कागदपत्रे नेमकी तिथेच गप्प होतात आणि नाटककाराचे काम तिथून सुरू होते.

मराठीत ही परंपरा विनायक जनार्दन कीर्तने यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ (1861) या नाटकापासून धरली जाते. पुढे खाडिलकर, शिरवाडकर, कानेटकर यांनी ती व्यावसायिक रंगभूमीवर रुजवली. या परंपरेतले सर्वांत मोठे अपुरे नाटक नागपूर जिल्ह्याशी जोडलेले आहे. राम गणेश गडकरी यांचे 23 जानेवारी 1919 रोजी सावनेर येथे निधन झाले आणि संभाजी महाराजांवरचे ‘राजसंन्यास’ तसेच राहिले. त्यातल्या संभाजीच्या चित्रणावर पुढे कडाडून टीका झाली. वसंत कानेटकरांनी ‘इथे ओशाळला मृत्यू’ (1968) मध्ये त्याच राजाला अगदी वेगळ्या उंचीवर नेले. ‘राजसंन्यास’वरचा राग तरीही शमला नाही. जानेवारी 2017 मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा उखडून नदीत टाकण्यात आला. नाटककार गेल्यावर जवळजवळ शंभर वर्षांनीही त्याच्या एका पात्राचा हिशेब मागितला जातो, हे या वाटेवर पाऊल टाकणाऱ्याने पहिल्याच दिवशी लक्षात घ्यावे.

नागपूरची सामग्री

मराठी ऐतिहासिक नाटक बहुतांशी रायगड आणि शनिवारवाडा यांच्यामध्येच फिरत राहिले. नागपूरकर भोसल्यांचे राज्य पसरले होते ओडिशापर्यंत, पण रंगमंचावर त्याच्या वाट्याला आलेली जागा फारच तोकडी आहे. ही उणीव सामग्रीची नव्हे. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची भोसल्यांची बखर आहे, यादव माधव काळे यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ (1934) आहे, दरबारी नेमलेल्या इंग्रज प्रतिनिधींचे, म्हणजे रेसिडेंटांचे, अहवाल आहेत.

शहराची सुरुवातच एका नाट्यपूर्ण माणसापासून होते. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह औरंगजेबाच्या दरबारात गेला, त्याने इस्लाम स्वीकारला आणि परत आल्यावर 1702 च्या सुमारास लहान लहान वस्त्या एकत्र करून नागपूर वसवले. पुढे भोसले आले. पहिल्या रघूजींचे सेनानी भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले आणि 1744 मध्ये अलिवर्दी खानाने त्यांना बोलणीसाठी छावणीत बोलावून दगा करून मारले. मराठी लेखकाला हा प्रवेश अफझलखानाच्या भेटीचा उलटा पाठ वाटेल. बंगालमध्ये मात्र याच फौजेची आठवण ‘बर्गी’ म्हणून अंगाईगीतात शिरली आहे आणि तिथल्या आया त्या नावाने मुलांना भीती घालत आल्या. या दोन्ही आठवणी एकाच रंगमंचावर आणणारे नाटक नागपूरच्या लेखकाने लिहायला हवे. ते दुसरीकडचा कोणी लिहिण्याची शक्यता कमी.

त्याहून समृद्ध विषय आहे अप्पासाहेब भोसले यांचा. दुसरे रघूजी 1816 मध्ये वारले. गादीवर आलेला मुलगा परसोजी दुबळा आणि आजारी, म्हणून कारभार चुलतभाऊ अप्पासाहेबांच्या हाती आला. त्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला. 1817 च्या फेब्रुवारीत परसोजी अंथरुणात मृतावस्थेत सापडले आणि संशय अप्पासाहेबांवर गेला. त्याच वर्षी 26 आणि 27 नोव्हेंबरला सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली, तीत भोसल्यांचा पराभव झाला. अप्पासाहेब शरण आले, पदच्युत झाले, कैद होऊन अलाहाबादेकडे निघाले आणि वाटेत पहाऱ्यातून निसटले. महादेवाच्या डोंगरात गोंडांनी त्यांना आसरा दिला. तिथून असीरगड, मग पंजाब, शेवटी जोधपूर. 1840 मध्ये ते तिथेच वारले.

भावाच्या खुनाचा संशय असलेला आणि त्याच इंग्रजांविरुद्ध उभा राहिलेला हा माणूस नायक की खलनायक? बखर एक सांगते, रेसिडेंटचा अहवाल दुसरे. चरित्रनाटककाराला याहून चांगले पात्र मिळणे कठीण. त्यांच्याशेजारी बाकाबाई आहेत. दुसऱ्या रघूजींच्या या पत्नीने अप्पासाहेबांनंतर अल्पवयीन राजाच्या, म्हणजे तिसऱ्या रघूजींच्या, नावाने वाड्याची घडी सांभाळली. पुढे हे रघूजी निपुत्रिक वारले आणि 1854 मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले, तेही त्यांनी पाहिले. वाड्यातले हत्ती-घोडे सीताबर्डीत लिलावात विकले गेले. 1857 मध्ये त्यांनी उठावाला साथ दिली नाही. एखाद्या अभिनेत्रीने वीस वर्षे वाट पाहावी अशी ही भूमिका आहे. बाकाबाईंना देशद्रोही ठरवून मोकळे होणारा लेखक ती वाया घालवील.

आंबेडकर आणि नवा प्रेक्षक

14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर नागपूरच्या रंगभूमीला स्वतःचा महानायक मिळाला. आंबेडकर जयंतीला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास वस्त्यांतून एकांकिका, पथनाट्ये, गीतनाट्ये होतात. त्यांतून लिहायला लागलेले अनेक जण पुढे पूर्ण लांबीच्या नाटकाकडे वळतात. इथला प्रेक्षक जाणकार असतो. बाबासाहेबांची भाषणे त्याने वाचलेली असतात, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असतात. चुकीची तारीख किंवा तोंडी घातलेले भलते वाक्य तो पहिल्याच प्रयोगाला पकडतो. या धाकामुळे पुष्कळ नाटके नुसती अवतरणांची माळ होतात आणि आंबेडकर एकदाही अडखळत नाहीत, दमत नाहीत, चिडत नाहीत.

या कोंडीतून वाट काढली ती चंद्रपूर जिल्ह्यात जन्मलेल्या प्रेमानंद गज्वी यांनी. त्यांच्या ‘गांधी-आंबेडकर’ (1997) या नाटकात दोन महापुरुषांमध्ये एक विदूषक आहे. प्रेक्षकाच्या मनातले अवघड प्रश्न तो दोघांनाही विचारतो आणि वाद खरा वाद होतो. नागपुरात फेब्रुवारी 2019 मध्ये भरलेल्या 99 व्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाचे अध्यक्ष गज्वीच होते.

वाटचाल

नागपुरात केवळ नाटके लिहून पोट भरणे अवघड. बहुतेक लेखक नोकरी सांभाळून लिहितात आणि तालमी संध्याकाळी होतात. सुरुवात एकांकिकेने, पुढे राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावर प्राथमिक फेरी, जमलेच तर अंतिम फेरी. जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर मंडळाकडे, पाठवावी लागते. नामवंत व्यक्ती पात्र म्हणून असेल तर त्या व्यक्तीचे अनुयायी काय म्हणतील याचाही विचार लेखक आधीच करून ठेवतो. स्पर्धेचे नाटक दोन-तीन प्रयोगांत संपते, त्यामुळे दरबार, पोशाख, शस्त्रे यांवरचा खर्च निघत नाही. म्हणून जाणते लेखक मोजकी पात्रे आणि एकच स्थळ घेऊन लिहितात, आणि माझ्या मते नाटकाला त्याचा फायदाच होतो.

शहराची नाट्यकीर्ती ज्यांनी वाढवली ते मोठे लेखक मात्र या वाटेने फारसे गेले नाहीत. महेश एलकुंचवार यांनी ‘वाडा चिरेबंदी’मध्ये वैदर्भीय कुटुंबाची पडझड मांडली. रंजन कला मंदिराचे पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी ‘कट्यार काळजात घुसली’ (1967) मध्ये काल्पनिक संस्थान उभे केले. इतिहासाचा गंध घेतला, इतिहासाचे उत्तरदायित्व टाळले.

बोली

पात्रांच्या भाषेचा प्रश्न इथे विशेष अवघड आहे. जुन्या वळणाच्या संहितांत भोसले सरदार पुण्याच्या पेशव्यांसारखे बोलतात आणि ‘काऊन’, ‘करून राहिला’ ही इथली वैदर्भीय बोली शिपाई-चाकरांच्या वाट्याला, तीही हशा पिकवण्यासाठी येते. भोसल्यांच्या दरबारात फार्सी, हिंदी आणि मराठी यांची सरमिसळ होती, भोवती गोंडी बोलली जात होती. महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आसऱ्याला बसलेले अप्पासाहेब सदाशिव पेठेची मराठी बोलू लागले की तो प्रवेश तिथेच पडतो.