जुन्या आर्केड गेमची गोडी (संग्राहकांचा छंद)

जुने किंवा क्लासिक आर्केड गेम म्हणजे ढोबळमानाने १९७८ ते १९८४ या काळात जपान आणि अमेरिकेत निघालेले, नाणं टाकून खेळायचे व्हिडिओ गेम. हे गेम मूळ कॅबिनेटसकट (पडदा आणि बटणं बसवलेल्या पेटीसकट) शोधायचे, दुरुस्त करायचे, चालू ठेवायचे आणि खेळायचे हा एक रीतसर छंद आहे, आणि त्यात सगळ्यात जास्त चर्चा होते ती एकाच गोष्टीची, की हे गेम आवडायला लागतात कसे. कारण पहिल्या भेटीत ते आवडत नाहीत, निदान आजच्या माणसाला तरी नाही. काळा पडदा, चार ठिपके, एकच स्क्रीन परत परत, कथा नाही, शेवट नाही, आणि दोन मिनिटांत खेळ खल्लास.

या छंदात येणारे बरेच जण मुळात या गेमसाठी आलेलेच नसतात. ते येतात लहानपणी खेळलेल्या नव्वदच्या दशकातल्या गेमसाठी, म्हणजे १९९१ चा स्ट्रीट फायटर टू वगैरे. आपल्याकडेही ज्यांनी व्हिडिओ गेमच्या दुकानात शाळा बुडवून एकेक रुपया घालवला त्यांची आठवण तिथूनच सुरू होते. कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स हा गेम इथे त्या नावाने कोणाला माहीतच नाही, त्यातल्या एका हिरोच्या नावावरून सगळे त्याला ‘मुस्तफा’च म्हणतात. मुस्तफामध्ये स्टेज आहेत, बॉस आहेत, कॉइन टाकत राहिलं की गेम पुढे जात राहतो. तिथून थेट भुतं चुकवत चक्रव्यूहात ठिपके खायच्या १९८० च्या पॅकमॅनकडे गेलं की माणूस म्हणतो यात काय आहे. आणि गोडी लागायची ती नेमकी या ‘यात काय आहे’चं उत्तर सापडताना लागते.

काळ आणि पैशाचं गणित

१९७८ च्या आधीचेही गेम आहेत, नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांचा १९७१ चा कॉम्प्युटर स्पेस, मग अटारीचा १९७२ चा पॉन्ग, पण पॉन्गमध्ये प्रोसेसरच नाही, सगळं सर्किटवर चालतं, आणि ते जमवणारे लोक वेगळे. बहुतेकांचा क्लासिक काळ सुरू होतो तो टायटो कंपनीच्या १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्सपासून. पुढच्या चार-पाच वर्षांत अॅस्टरॉइड्स, गॅलॅक्सियन, पॅकमॅन, मिसाइल कमांड, डिफेंडर, डाँकी काँग, गॅलागा, टेम्पेस्ट, रोबोट्रॉन, जाउस्ट असे एकामागोमाग एक गेम आले आणि १९८३ च्या आसपास अमेरिकेतला बाजार बसला.

हे गेम इतके क्रूर का, याचं उत्तर पैशात आहे. एक क्वार्टर म्हणजे २५ सेंट टाकले की नवशिक्याचा डाव दोन-तीन मिनिटांत संपला पाहिजे, नाहीतर मशीनमालकाचं पोट कसं भरणार, पण इतक्या लवकर पण संपता कामा नये की तो चिडून निघून जाईल. त्यामुळे तीन लाइफ, दर पातळीला वाढणारा वेग, आणि शेवट मुळात ठेवलेलाच नाही. काही गेम संपतात ते बनवणाऱ्यांनी संपवले म्हणून नाही, तर ८ बिटच्या आकड्यात २५५ च्या पुढचं मावत नाही म्हणून. पॅकमॅनची २५६ वी पातळी आली की अर्धा पडदा अक्षरं आणि कचऱ्याने भरतो आणि पुढे जाताच येत नाही. डाँकी काँगच्या २२ व्या लेव्हलला टायमरचा हिशोब असाच फिरतो आणि वर पोचायला वेळच उरत नाही. आता हे कळलं की मग ‘गेम पूर्ण करायचा’ ही सवय आपोआप सुटते. इथे गेम पूर्ण होत नसतो, स्कोअर वाढत असतो. माझ्या मते नव्वदच्या गेमवरून आलेल्या माणसाला सगळ्यात जड जाते ती हीच गोष्ट, ग्राफिक्सची सवय तर दोन दिवसांत होते.

हातात काय आहे

मेम हा इम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करून तिचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम) १९९७ मध्ये इटलीच्या निकोला सालमोरियाने सुरू केला आणि त्यामुळे हे सगळे गेम घरच्या कॉम्प्युटरवर आले, ते फार मोठं काम आहे, त्याच्याशिवाय कितीतरी गेम कायमचे गेले असते. पण कीबोर्डवर खेळून ‘बोअर आहे’ म्हणणाऱ्यांची संख्या पण त्यानेच वाढवली. कारण त्या काळात सगळ्या गेमला एकच कंट्रोलर असा प्रकार नव्हता, प्रत्येक कॅबिनेटचं कंट्रोल पॅनल त्या एका गेमसाठी केलेलं असायचं. अॅस्टरॉइड्सला जॉयस्टिकच नाही, नुसती पाच बटणं. मिसाइल कमांडला ट्रॅकबॉल म्हणजे हाताने फिरवायचा चेंडू आणि तीन तळांसाठी फायरची तीन बटणं. टेम्पेस्टला गोल फिरणारा स्पिनर, जो जोरात फिरवून सोडला की स्वतःच्या वजनाने फिरत राहतो. रोबोट्रॉनला दोन जॉयस्टिक, एकाने पळायचं आणि दुसऱ्याने गोळ्या कुठे मारायच्या ते ठरवायचं, आणि ते दोन्ही हात स्वतंत्र चालायला लागले की जे वाटतं ते गेमपॅडवर वाटत नाही.

पॅकमॅनची जॉयस्टिक चारच दिशांची आहे. आठ दिशांच्या स्टिकवर तो खेळला तर हात जरा तिरका गेला की वळण चुकतं आणि भूत पकडतं, पावडर न टाकता कॅरम खेळल्यासारखं होतं ते. बरोबर स्टिक मिळाली की कळतं की पॅकमॅनला कोपऱ्याच्या जरा आधीच स्टिक वळवली तर तो कोपरा कापून जातो आणि भुतांना ते जमत नाही, म्हणजे प्रत्येक वळणावर आपण त्यांच्यापासून थोडं थोडं लांब जातो. म्हणजे एवढे दिवस जो गेम नशिबाचा वाटत होता तो हाताचा निघतो.

भुतांचा स्वभाव आणि एलियनची घाई

पॅकमॅन हा गोडी लागण्याचा सगळ्यात चांगला नमुना, म्हणून थोडं जास्त लिहितो. नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांच्या या गेममध्ये चार भुतं आहेत आणि चौघं वेगळं वागतात. लाल ब्लिंकी थेट तुमच्या मागे येतो. गुलाबी पिंकी तुम्ही ज्या दिशेला चाललात त्याच्या चार घरं पुढे निशाणा धरते, म्हणजे समोरून वाट अडवते. निळसर इंकी तुमच्या पुढचा बिंदू आणि ब्लिंकीची जागा या दोन्हीवरून ठरवतो की कुठे जायचं, त्यामुळे तो कधी काय करेल ते डोळ्याने कळत नाही. आणि नारिंगी क्लाइड लांब असला की मागे लागतो पण आठ घरांच्या आत आला की स्वतःच्या कोपऱ्याकडे पळतो. शिवाय मधून मधून चौघं पाठलाग सोडून आपापल्या कोपऱ्यात जातात, ठरलेल्या वेळी. बोगद्यात शिरली की भुतांचा वेग कमी होतो. पिंकीमध्ये एक बग पण आहे, तुम्ही वर चाललेले असाल तर तिचा निशाणा चार घरं वर आणि शिवाय चार घरं डावीकडे जातो, आणि जाणकार खेळाडू चक्क तिच्या अंगावर चाल करून तिला वळवतात.

गंमत म्हणजे या सगळ्यात नशीब जवळजवळ नाहीच, मोठी गोळी खाल्ली की भुतं निळी होऊन पळतात तेव्हाची त्यांची वळणंसुद्धा ठरलेल्या आकड्यांवरून निघतात, तुम्ही अगदी तेच केलंत तर भुतंही तेच करतात. म्हणून लोकांनी पातळीप्रमाणे पॅटर्न, म्हणजे वळणांचे ठरलेले मार्ग, पाठ केले. काहींना मग त्यात मजा राहत नाही, ते म्हणतात पाढे म्हणायचे तर शाळा काय वाईट होती, आणि ते पॅटर्न न वापरता भुतांचे स्वभाव ओळखून खेळतात. दोन्ही गटांचं एकमेकांशी पटत नाही. मला विचाराल तर दुसरी पद्धत उशिरा स्कोअर देते पण गेम जास्त कळतो, विशेषतः वरच्या पातळ्यांवर जिथे मोठी गोळी खाऊनही भुतं निळी होतच नाहीत.

स्पेस इन्व्हेडर्सचं प्रकरण वेगळं. तोमोहिरो निशिकादो यांनी तो बनवला तेव्हा इंटेल ८०८० प्रोसेसरला ५५ एलियन एकदम हलवणं झेपत नव्हतं, त्यामुळे पडद्यावरचं चित्र दर वेळी नव्याने काढलं जाताना एकच एलियन सरकतो. म्हणजे सगळे जिवंत असताना सगळ्या रांगा एकदा सरकायला जवळपास सेकंद लागतो, आणि तुम्ही जसजसे मारत जाता तसतसे उरलेले आपोआप जोरात धावायला लागतात, शेवटचा एक तर सुसाट. हार्डवेअरची अडचण होती ती, तिचाच खेळ झाला, आणि चार सुरांचा तो धप धप आवाजही त्याबरोबर वाढत जातो. नंतरच्या कितीतरी गेमनी ‘शेवटाकडे वेग वाढवायचा’ हे इथूनच उचललं. वरून जाणारी उडती तबकडी पण नशिबाची नाही, तुमची २३ वी गोळी आणि त्यानंतरची दर १५ वी गोळी तिला लागली तर ३०० गुण, म्हणून लोक गोळ्या मोजत खेळायचे आणि अजून खेळतात.

पडदा

अॅस्टरॉइड्स, टेम्पेस्ट, १९८३ चा स्टार वॉर्स हे व्हेक्टर गेम आहेत, म्हणजे त्यात टीव्हीसारख्या आडव्या रेघांनी चित्र बनत नाही, इलेक्ट्रॉनचा झोत थेट रेषा ओढतो. अॅस्टरॉइड्समधली गोळी हा एक ठिपका आहे पण झोत तिथे थांबल्यामुळे तो इतका लख्ख चमकतो की एलसीडीवर बघितलेल्या माणसाला पहिल्यांदा खरं मशीन बघून धक्काच बसतो. हे फोटोत येत नाही, व्हिडिओत येत नाही, इम्युलेटर जवळपास जातो पण तिथे पोचत नाही. स्पेस इन्व्हेडर्सच्या अमेरिकन उभ्या कॅबिनेटमध्ये तर पडदा थेट दिसतच नाही, आरशात त्याचं प्रतिबिंब दिसतं आणि मागे चंद्राचं रंगवलेलं चित्र असतं, म्हणजे एलियन त्या चित्रावर तरंगल्यासारखे वाटतात. रंग म्हणजे पडद्यावर चिकटवलेल्या रंगीत पट्ट्या.

मशीन घरी आलं की

संग्राहकाच्या हातात येणारं मशीन सहसा अर्धमेलं असतं. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर सुकलेले, त्यामुळे पाच व्होल्टच्या जागी भलतंच काहीतरी येतं आणि बोर्ड (गेमच्या चिप बसवलेली सर्किटची पाटी) मधेच रिसेट होतो, म्हणून आधी व्होल्टेज मोजायचे आणि मगच बोर्डाला नावं ठेवायची. मॉनिटरला ‘कॅप किट’ म्हणजे कपॅसिटरचा नवा संच बसवतात. विल्यम्स कंपनीच्या डिफेंडर, रोबोट्रॉनसारख्या गेमच्या बोर्डावर हायस्कोअर जपायला साधे पेन्सिल सेल लावलेले असतात, ते वर्षानुवर्षं तसेच राहून गळतात आणि बोर्डाचे तांब्याचे मार्ग खातात, मशीन घरात आल्यावर पहिलं काम ते सेल काढणं. इप्रॉम म्हणजे गेमचा प्रोग्राम साठवलेल्या चिपवरचे स्टिकर कुरूप दिसतात म्हणून काढू नयेत, चिपच्या काचेवर ऊन पडलं तर प्रोग्राम पुसला जाऊ शकतो. आणि मॉनिटरची काचेची पिक्चर ट्यूब मशीन बंद केल्यावरही हजारो व्होल्ट धरून बसलेली असते, तिला हात लावण्याआधी ती रीतसर डिस्चार्ज करावी लागते, जमत नसेल तर जुन्या टीव्ही मेकॅनिककडे जावं, शौर्य दाखवू नये. अमेरिकेतून आणलेलं मशीन भारतात लावायचं तर २३० व्होल्टचे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर आधी बघायचा.

या दुरुस्तीतून गोडी वाढते असं बरेच जण सांगतात, आणि त्यात तथ्य आहे, बोर्डावरच्या डिप स्विच नावाच्या छोट्या स्विचवर लाइफ किती द्यायच्या, बोनस कधी द्यायचा हे मशीनमालक ठरवायचा हे स्वतः स्विच हलवल्यावरच नीट डोक्यात बसतं.

संग्राहकांची भांडणं

पहिलं भांडण कन्व्हर्जनचं, म्हणजे जुन्या कॅबिनेटमध्ये दुसरा गेम बसवण्याचं. १९८५ मध्ये जपानमध्ये जामा हे ५६ पिनांचं वायरिंगचं स्टँडर्ड आलं आणि बोर्ड बदलून दुसरा गेम टाकणं सोपं झालं, पण त्याच्या आधीपासूनच मशीनमालक जुन्या कॅबिनेटला काळा रंग फासून त्यात नवा गेम बसवत होते. आता असं काळं कॅबिनेट मिळालं की खरवडून मूळ गेम परत आणायचा की कन्व्हर्जन हाही त्याचा इतिहास म्हणून तसाच ठेवायचा यावर वाद होतात. डाँकी काँग स्वतःच असं आलंय, अमेरिकेत न खपलेल्या रडार स्कोप मशीनमध्ये नवा बोर्ड घालून निन्टेन्डोने १९८१ मध्ये ती विकली, शिगेरू मियामोतो यांचा तो पहिला मोठा गेम. दुसरं भांडण एलसीडी की जुनी ट्यूब. अशा ट्यूब बनणं बंद झालंय त्यामुळे चालू ट्यूब फेकून एलसीडी लावणाऱ्याला लोक पाप लागेल म्हणतात. तिसरं, साठ गेम एका बोर्डात देणारे स्वस्त बोर्ड, जे घेतले की माणूस प्रत्येक गेम तीस सेकंद बघतो आणि कुठलाच खेळत नाही. एकच गेम महिनाभर चालू ठेवणं हे जास्त बरं, बऱ्याच जणांना गोडी तशीच लागलेली असते.

ज्यांच्याकडे जागा नाही (आणि आपल्या वन बीएचकेत ती नसतेच) त्यांच्यासाठी खरी मशीन बघायला अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या लकोनियाचं फनस्पॉट आणि तिथलं अमेरिकन क्लासिक आर्केड म्युझियम, शिकागोजवळ ब्रुकफील्डचं गॅलॉपिंग घोस्ट जिथे एकदा पैसे भरले की दिवसभर खेळा, आणि रॉचेस्टरचं द स्ट्राँग म्युझियम. न्यूयॉर्कच्या मोमा या कलासंग्रहालयानेही २०१२ पासून पॅकमॅन, अॅस्टरॉइड्स, टेम्पेस्ट असे गेम संग्रहात घेतलेत. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना यातलं काहीतरी ड्राइव्ह करून जाण्याच्या अंतरावर असू शकतं. भारतात जुनी मूळ कॅबिनेट मिळणं अवघड, इथे पार्लरमध्ये बहुतेक सुताराने केलेली पेटी, आत कॉपी बोर्ड आणि टीव्हीची ट्यूब असा मामला होता, पण त्या पेट्याही आता कोणी जपत नाही आणि खरं तर जपायला हव्यात.

सुरुवात कुठून

नव्वदच्या गेमवरून येणाऱ्याने गॅलागापासून सुरुवात करावी असं बहुतेक संग्राहक सांगतात, कारण ते १९८१ चं असूनही हाताला लगेच समजतं, आणि आपलं विमान मुद्दाम शत्रूला पकडू द्यायचं आणि मग सोडवून दोन विमानं जोडून खेळायचं यात धोका आणि फायदा दोन्ही दिसतात. मग पॅकमॅन, मग डाँकी काँग. अॅस्टरॉइड्स त्यानंतर, पण खऱ्या व्हेक्टर मॉनिटरवरच. यूजीन जार्विस यांचा डिफेंडर सगळ्यात शेवटी, त्याला वर-खाली जाणारी स्टिक आणि वर पाच बटणं आहेत, दिशा बदलायलाही एक बटण दाबावं लागतं, आणि पहिले काही दिवस तरी माणसं वाचवण्याऐवजी आपणच त्यांना गोळ्या घालत असतो.